सर्पगंधा ते नायट्रिक ऑक्साइड : आतड्याच्या स्नायूंना शिथिल करणाऱ्या चेता-रसायनांच्या शोधाचा इतिहास

सारांश

अन्न पुढे सरकण्यासाठी आतड्याचे स्नायू जसे आकुंचन पावावे लागतात, तसेच ते योग्य वेळी शिथिलही व्हावे लागतात. आकुंचन घडविणारे चेता-रसायन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ओळखले गेले. शिथिलीकरण घडविणारी रसायने ओळखण्यास मात्र 1990 चे दशक उजाडावे लागले. प्रस्तुत शोधनिबंधात या विलंबाची कारणे, शोधाचे टप्पे आणि त्यात वापरल्या गेलेल्या औषधी द्रव्यांचे स्थान यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये जगासमोर आणलेल्या सर्पगंधा या वनस्पतीचा या इतिहासाशी आलेला संबंध विशेषत्वाने तपासला आहे.

बीजसंज्ञा : अरेखित स्नायू, आंत्र चेतासंस्था, शिथिलीकरण, सर्पगंधा, रेझर्पीन, एटीपी, नायट्रिक ऑक्साइड.

प्रस्तावना

मानवी पचनमार्गाची भिंत मुख्यतः अरेखित स्नायूंची बनलेली असते. हे स्नायू मनुष्याच्या इच्छेने चालत नाहीत. घास गिळल्यानंतर त्याचा पुढील सर्व प्रवास मनुष्याच्या नकळत होतो. या प्रवासासाठी जी लाटेसारखी हालचाल होते तिला क्रमसंकोच म्हणतात. क्रमसंकोच म्हणजे केवळ आकुंचन अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती अपुरी आहे. घासाच्या मागील भाग आवळला जात असताना पुढील भाग सैल झाला नाही, तर घास पुढे जाणारच नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा परिसंकोची स्नायू उघडला नाही तर अन्न छातीत अडकते. जठराची भिंत सैल झाली नाही तर दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटते. जठरनिर्गमाचा स्नायू सैल झाला नाही तर तान्ह्या मुलाला दूध पचत नाही. तात्पर्य, शिथिलीकरण ही आकुंचनाच्या अभावाची निष्क्रिय अवस्था नसून चेतातंतूंनी घडवून आणलेली स्वतंत्र क्रिया होय.

हे आज पाठ्यपुस्तकातील सत्य असले, तरी ते सिद्ध होण्यास सुमारे एक शतक लागले. जगातील अनेक प्रयोगशाळांमध्ये घडलेल्या या इतिहासात एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातून, मुंबईतील एका रुग्णालयातून गेलेला आहे. मराठी वैज्ञानिक लेखनात या धाग्याकडे रक्तदाबाच्या औषधाचा शोध म्हणूनच पाहिले जाते. शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे, याची नोंद होणे आवश्यक आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. आतड्याच्या शिथिलीकरणाविषयीच्या कल्पनांचा 1857 पासूनचा विकास कालक्रमाने मांडणे.
2. शिथिलकारक चेता-रसायनांची ओळख उशिरा का पटली, याची कारणे शोधणे.
3. धोत्रा व सर्पगंधा या भारतीयांच्या परिचयाच्या वनस्पतींतील द्रव्यांचे या संशोधनातील साधन म्हणून असलेले महत्त्व स्पष्ट करणे.
4. या ज्ञानाचा रोगनिदान व उपचार यांवर झालेला परिणाम तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व ऐतिहासिक स्वरूपाचा आहे. प्रसिद्ध झालेले मूळ प्रयोग व त्यांचे निष्कर्ष यांच्या आधारे कालक्रमानुसार विवेचन केले आहे.

1. प्रारंभ : आतड्याची स्वतःची चेतासंस्था

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एदुआर्द फ्ल्युगर याने 1857 मध्ये असे दाखविले की, आतड्याकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतांना विद्युत् उद्दीपन दिल्यास आतड्याची हालचाल थांबते. चेता म्हणजे स्नायूला हलविणारी दोरी, या तत्कालीन समजुतीला हा धक्का होता. कारण येथे चेता स्नायूला हलवीत नव्हती, थांबवीत होती. त्याच सुमारास माइसनर व आउअरबाख या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या भिंतीतच असलेल्या चेतापेशींच्या दोन जाळ्यांचे वर्णन केले. आउअरबाखचे जाळे स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये असते व हालचालींचे नियंत्रण मुख्यतः तेच करते.

1899 मध्ये लंडन येथे विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याच्या एका ठिकाणी ताण दिला असता त्या ठिकाणाच्या वर आकुंचन व खाली शिथिलीकरण होते, असे त्यांना आढळले. बाहेरून येणाऱ्या सर्व चेता कापल्या तरीही हा प्रतिसाद टिकून राहतो, असे त्यांनी दाखविले. त्यांनी याला आतड्याचा नियम असे म्हटले. याचा अर्थ असा की, कोठे आवळायचे आणि कोठे सैल सोडायचे याचा निर्णय आतडे स्वतः घेते. पुढे जॉन लँग्ली याने 1921 मधील आपल्या ग्रंथात स्वायत्त चेतासंस्थेचे अनुकंपी, परानुकंपी व आंत्र असे तीन विभाग मानले. दुर्दैवाने यातील तिसऱ्या विभागाकडे पुढील चार दशके फारसे लक्ष दिले गेले नाही. स्वायत्त चेतासंस्था म्हणजे अनुकंपी व परानुकंपी यांची जोडी, एवढेच पाठ्यपुस्तकांत उरले.

2. धोत्र्यातील द्रव्य आणि लँग्लीची विसंगत नोंद

अहिल्यानगर जिल्ह्यातील सुपा-पारनेर परिसरासह महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला धोत्रा सहज उगवतो. तो विषारी असल्याचे ग्रामीण भागात लहान मुलांनाही सांगितलेले असते. धोत्र्यामध्ये अ‍ॅट्रोपीनच्या गटातील अल्कलॉइड द्रव्ये असतात. अ‍ॅट्रोपीन हे युरोपात बेलाडोना या त्याच कुळातील वनस्पतीपासून 1830 च्या दशकात शुद्ध स्वरूपात मिळविले गेले. तोंड कोरडे पडणे, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणे, आतड्याची हालचाल मंदावणे ही त्याची लक्षणे होत. परानुकंपी चेतांमधून स्रवणाऱ्या असेटिलकोलीन या द्रव्याचा स्नायूवरील परिणाम अ‍ॅट्रोपीन अडविते, हे नंतर कळले.

लँग्लीने 1898 मध्ये अ‍ॅट्रोपीनचा वापर करून एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. व्हेगस चेतेला उद्दीपन दिल्यास सामान्यतः जठराचे आकुंचन होते. सशाला अ‍ॅट्रोपीन दिल्यावर मात्र त्याच चेतेच्या उद्दीपनाने अन्ननलिकेचे टोक व जठर सैल होताना दिसले. म्हणजे व्हेगसमध्ये आकुंचन घडविणाऱ्या तंतूंबरोबरच शिथिलीकरण घडविणारे तंतूही असले पाहिजेत. 1911 मध्ये वॉल्टर कॅनन व लीब यांनी गिळण्याच्या क्रियेबरोबर जठर आपोआप सैल होते, हे दाखवून या निरीक्षणाला शारीरिक अर्थ मिळवून दिला. घास येण्यापूर्वीच जठर त्याच्यासाठी जागा करून ठेवते.

तरीही लँग्लीचे निरीक्षण दीर्घकाळ अपवाद म्हणून बाजूला राहिले. त्या काळी प्रस्थापित होत असलेल्या सिद्धांतात त्याला जागा नव्हती.

3. दोन रसायनांचा सिद्धांत आणि त्याची मर्यादा

चेतातंतू आपला संदेश रसायनाच्या द्वारे देतात, हे ऑटो लोवी याने 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने सिद्ध केले. एका हृदयाच्या व्हेगस चेतेला उद्दीपन देऊन त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला असता दुसऱ्या हृदयाचेही ठोके मंदावले. हे द्रव्य असेटिलकोलीन असल्याचे पुढे निश्चित झाले आणि लोवी व हेन्री डेल यांना 1936 चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

याच पद्धतीचा वापर 1930 मध्ये फिंकलमन याने आतड्यावर केला. सशाच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या अनुकंपी चेतांना उद्दीपन देऊन त्यावरून वाहणारा द्रव त्याने दुसऱ्या तुकड्यावर सोडला. दुसऱ्या तुकड्याचीही हालचाल थांबली. अनुकंपी चेतांमधून शिथिलकारक द्रव्य स्रवते, हे यावरून दिसले. 1946 मध्ये स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी हे द्रव्य नॉरअ‍ॅड्रेनॅलीन असल्याचे दाखविले.

अशा रीतीने एक सुबक चौकट तयार झाली. परानुकंपी चेता असेटिलकोलीन सोडतात व आतडे आकुंचन पावते. अनुकंपी चेता नॉरअ‍ॅड्रेनॅलीन सोडतात व आतडे सैल होते. ही चौकट समजण्यास सोपी व शिकविण्यास सोयीची होती. तिचे यश हेच पुढील शोधाच्या मार्गातील अडथळा ठरले. कोठेही शिथिलीकरण दिसले की त्याचे श्रेय नॉरअ‍ॅड्रेनॅलीनला दिले जाई. बेलिस-स्टार्लिंग यांचे प्रयोग बाहेरील चेता कापूनही यशस्वी झाले होते, लँग्लीचे शिथिलकारक तंतू अनुकंपी नव्हेत तर व्हेगस चेतेतील होते, या गोष्टी चौकटीत बसत नव्हत्या. परंतु चौकट खोटी ठरविण्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा परिणाम पूर्णपणे वगळून पाहणे आवश्यक होते आणि तसे करण्याची खात्रीशीर साधने 1950 पूर्वी संशोधकांजवळ पुरेशी नव्हती.

4. मुंबई, 1949 : डॉ. रुस्तम जाल वकील आणि सर्पगंधा

या साधनांपैकी एक भारतातून आले. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदात व लोकवैद्यकात सर्पदंश, निद्रानाश, उन्माद अशा विकारांवर वापरली जात असे. सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ याच्या नावावरून तिचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना असे पडले. 1931 मध्ये दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी तिच्या मुळातून अजमलीन व इतर अल्कलॉइड वेगळे केले. त्याच वर्षी कोलकाता येथील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक विकार व उच्च रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. हे कार्य भारतातील वैद्यकीय वर्तुळात परिचित होते. भारताबाहेर मात्र त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

ही स्थिती बदलण्याचे श्रेय डॉ. रुस्तम जाल वकील (1911-1974) यांच्याकडे जाते. मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाशी संबंधित असलेल्या डॉ. वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरील सर्पगंधेच्या परिणामांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध केला. परंपरागत औषधाची केवळ स्तुती न करता रुग्णांची निवड, रक्तदाबाची मोजमापे व दुष्परिणाम यांची नोंद ठेवणे हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. या लेखामुळे पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. अमेरिकेत बोस्टन येथे रॉबर्ट विल्किन्स यांनी तिचा वापर सुरू केला. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी तिच्यातील मुख्य क्रियाशील द्रव्य रेझर्पीन वेगळे केल्याचे जाहीर केले. डॉ. वकील यांच्या कार्याचा गौरव 1957 मध्ये अमेरिकेच्या लास्कर पारितोषिकाने झाला.

येथपर्यंतचा इतिहास रक्तदाबाच्या उपचाराचा आहे. त्याचा आतड्याशी संबंध पुढे येतो. 1955-56 या काळात रेझर्पीनची कार्यपद्धती उलगडली. ब्रोडी यांच्या गटाने रेझर्पीनमुळे मेंदूतील सेरोटोनीनचा साठा कमी होतो असे दाखविले, तर स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामुळे नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा साठाही रिकामा होतो, हे दाखवून दिले. चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलीन साठविले जाते. रेझर्पीन या पिशव्या भरू देत नाही. त्यामुळे चेतेला उद्दीपन मिळाले तरी सोडण्यासाठी तिच्याजवळ द्रव्यच उरत नाही.

रेझर्पीन घेणाऱ्या रुग्णांमध्ये जुलाब होणे, जठरातील आम्ल वाढणे हे दुष्परिणाम दिसत. आतड्यावरील अनुकंपी चेतांचा लगाम सैल पडून हालचाल वाढते, हे त्याचे एक स्पष्टीकरण होय. परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो. शिथिलीकरण घडविणारे द्रव्य केवळ नॉरअ‍ॅड्रेनॅलीनच असते, तर त्याचा साठा रिकामा झालेल्या प्राण्याच्या आतड्याने चेता-उद्दीपनाने शिथिल होणे थांबवावयास हवे होते. तसे होते काय, हे तपासणे आता शक्य झाले. नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचे स्रवण रोखणारी ब्रेटिलियम व ग्वानेथिडिन ही कृत्रिम औषधेही याच सुमारास उपलब्ध झाली. रक्तदाबाच्या रुग्णासाठी शोधलेली औषधे अशा रीतीने शरीरक्रियाविज्ञानाची उपकरणे बनली.

5. वजाबाकीनंतर उरलेले शिथिलीकरण

या उपकरणांचा निर्णायक उपयोग 1960 च्या दशकात झाला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात जेफ्री बर्नस्टॉक, ग्रॅहम कॅम्पबेल, मॅक्स बेनेट व मॉली होलमन हे संशोधक गिनीपिगच्या उंडुकावरील स्नायूपट्टीवर प्रयोग करीत होते. त्यांनी अ‍ॅट्रोपीन देऊन असेटिलकोलीनचा आणि ब्रेटिलियम देऊन नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा परिणाम वगळला. ज्ञात असलेली दोन्ही रसायने अशी बाजूला केल्यावर चेतांना उद्दीपन दिले, तेव्हा स्नायूने स्वस्थ राहावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात स्नायूपेशींचा विद्युत्भार अधिक ऋण होऊन स्नायू सैल झाला. 1963 व 1964 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 1963 मध्येच स्वीडनमधील मार्टिन्सन व मुरेन यांनी मांजराच्या जठरावर व्हेगसच्या उद्दीपनाने होणारे शिथिलीकरण नॉरअ‍ॅड्रेनॅलीनवर अवलंबून नसल्याचे दाखविले. रेझर्पीन दिलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतूनही हाच निष्कर्ष दृढ झाला. हा प्रतिसाद स्नायूचा स्वतःचा नसून चेतांमार्फतच येतो, हे फुगा माशाच्या विषातील टेट्रोडोटॉक्सिन या द्रव्याने सिद्ध झाले. कारण चेतांचे विद्युत् संदेश बंद पाडणाऱ्या या द्रव्याने तो प्रतिसाद नाहीसा झाला.

या चेतांना जे नाव पडले ते अर्थपूर्ण आहे. त्यांना अनॅड्रेनर्जिक-अकोलिनर्जिक, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलीनच्याही नव्हेत आणि असेटिलकोलीनच्याही नव्हेत अशा चेता, असे म्हटले गेले. नाव नकारात्मक होते, कारण ज्ञानही तेवढेच होते. ते रसायन काय नाही हे कळले होते. काय आहे हे कळावयाचे होते. लँग्लीची 65 वर्षांपूर्वीची विसंगत नोंद आता मध्यवर्ती प्रश्न बनली.

6. रसायनाचा शोध : तीन उमेदवार

(अ) एटीपी : 1970 मध्ये बर्नस्टॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रसायन एटीपी किंवा त्यासारखे न्यूक्लिओटाइड असावे असे मांडले आणि 1972 मध्ये या चेतांना प्युरिनर्जिक असे नाव दिले. या मांडणीला मोठा विरोध झाला. एटीपी हे प्रत्येक पेशीतील ऊर्जेचे चलन म्हणून ओळखले जाते. जे द्रव्य सर्वत्र आहे ते विशिष्ट संदेश कसा देऊ शकेल, असा आक्षेप होता. बर्नस्टॉक यांनी 1978 मध्ये या द्रव्यांच्या ग्राहींचे दोन गट सुचविले. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात हे ग्राही जनुकीय तंत्राने प्रत्यक्ष वेगळे करण्यात आल्यावर विरोध मावळला. मधमाशीच्या विषातील अपामीन या द्रव्याने शिथिलीकरणाचा वेगवान भाग बंद पडतो, या 1970 च्या दशकाच्या अखेरच्या निरीक्षणाचाही अर्थ लागला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत पी-टू-वाय-वन हा ग्राही नसलेल्या उंदरांच्या बृहदांत्रात हा वेगवान प्रतिसाद आढळला नाही. हा ग्राही वापरणारे नेमके न्यूक्लिओटाइड एटीपीच की त्याच्याशी संबंधित दुसरे, याविषयी मात्र मतभेद आहेत.

(आ) व्हीआयपी : 1970 मध्ये सामी सईद व व्हिक्टर मुट यांनी डुकराच्या आतड्यातून रक्तवाहिन्या रुंदावणारे एक पेप्टाइड वेगळे केले. ते आतड्यातील चेतापेशींतच असते असे आढळले. 1980 मध्ये राज गोयल, सतीश रत्तन व सईद यांनी ओपोसम या प्राण्याच्या अन्ननलिकेच्या परिसंकोची स्नायूवर प्रयोग करून व्हीआयपी हे शिथिलकारक चेता-रसायन असण्याची शक्यता मांडली.

(इ) नायट्रिक ऑक्साइड : तिसरा उमेदवार सर्वांत अनपेक्षित होता. 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातून एक शिथिलकारक घटक बाहेर पडतो असे दाखविले. तो घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे 1987 मध्ये स्पष्ट झाले. 1990 मध्ये बेल्जियममधील अँटवर्प येथील बुल्ट, बुकस्टान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या लहान व मोठ्या आतड्याच्या संधिस्थानावरील चेतांना उद्दीपन देऊन त्यावरून आलेला द्रव सशाच्या महारोहिणीच्या कड्यांवर सोडला. कडी सैल झाली. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखणारे द्रव्य दिल्यावर हा परिणाम बंद झाला. 1991 मध्ये देसाई, सेसा व व्हेन यांनी गिनीपिगच्या जठराचे अन्न सामावून घेण्यासाठी होणारे शिथिलीकरणही नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून असल्याचे दाखविले. कॅननच्या 1911 मधील निरीक्षणाचे रासायनिक स्पष्टीकरण अशा रीतीने 80 वर्षांनी मिळाले.

येथे एक साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. लोवीचा 1921 चा, फिंकलमनचा 1930 चा व अँटवर्पचा 1990 चा प्रयोग यांत मूळ युक्ती एकच आहे. एका अवयवावरून वाहिलेला द्रव दुसऱ्या अवयवाला देऊन त्याची साक्ष घ्यावयाची. उपकरणे बदलली तरी पुराव्याचे स्वरूप बदलले नाही.

7. शिथिलीकरणाची यंत्रणा

स्नायूपेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढले की आकुंचन होते व ते घटले की शिथिलीकरण होते. तिन्ही द्रव्ये याच बिंदूकडे वेगवेगळ्या मार्गांनी येतात. प्युरिन द्रव्ये पेशीपटलावरील पोटॅशियमची द्वारे उघडतात. त्यामुळे पेशीचा विद्युत्भार अधिक ऋण होतो आणि कॅल्शियमची आवक थांबते. हा परिणाम वेगवान पण अल्पकाळ टिकणारा असतो. नायट्रिक ऑक्साइड पेशीपटलातून सरळ आत शिरते व ग्वानिलेट सायक्लेज हे विकर कार्यान्वित करते. त्यातून तयार होणारे सायक्लिक जीएमपी स्नायूला अधिक काळ सैल ठेवते. व्हीआयपी हे सायक्लिक एएमपीच्या द्वारे सावकाश कार्य करते.

नायट्रिक ऑक्साइडने संदेशवाहक द्रव्याची व्याख्याच बदलली. ते पिशव्यांत साठविले जात नाही, गरजेच्या क्षणी तयार होते. त्याला पेशीपटलावरील ग्राहीची आवश्यकता नसते. काही सेकंदांतच ते नष्ट होते. ते इतका काळ का सापडले नाही, याचेही उत्तर यात आहे. साठविलेले द्रव्य शोधणाऱ्या पद्धतींना न साठविले जाणारे द्रव्य सापडणे शक्य नव्हते. पुढील संशोधनातून असेही दिसले की, हे संदेश स्नायूपेशींपर्यंत केवळ थेट पोहोचत नाहीत. काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मध्यस्थ पेशीही त्यात सहभागी असतात. त्यांचा वाटा नेमका किती, याविषयी संशोधकांत एकमत नाही.

8. रुग्णाच्या दृष्टीने अर्थ

या इतिहासाची खरी कसोटी रुग्णाच्या खाटेजवळ लागते. जन्मानंतर काही आठवड्यांतच काही बालकांना प्रत्येक दुधानंतर वेगाने उलटी होऊ लागते, कारण जठरनिर्गमाचा स्नायू जाड होऊन वाट अडवितो. 1912 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक रामस्टेट यांनी हा स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली व असंख्य बालकांचे प्राण वाचले. परंतु स्नायू सैल का होत नाही हे ज्ञात नव्हते. 1992 मध्ये व्हँडरविंडन व सहकाऱ्यांना अशा बालकांच्या जठरनिर्गमाच्या स्नायूतील चेतातंतूंमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर आढळले नाही. 1993 मध्ये या विकराचे जनुक निकामी केलेल्या उंदरांची जठरे फुगलेली व जठरनिर्गम जाड झालेला दिसला. रोगाची कारणे एकाहून अधिक असली, तरी शिथिलीकरणाचा अभाव हा त्यातील एक दुवा असल्याचे यावरून दिसते.

अन्ननलिकेचे टोक न उघडण्याच्या अ‍ॅकॅलेशिया या विकारात 1674 मध्ये थॉमस विलिस याने देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून अन्न खाली ढकलण्याचा उपाय वर्णिला होता. या रुग्णांच्या अन्ननलिका-जठर संधिस्थानावर तेच विकर नसल्याचे 1993 मध्ये आढळले. हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये वर्णिलेल्या बालरोगात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच नसतात. म्हणून तो भाग कायम आवळलेला राहतो. तेथे स्नायू असतो, पण त्याला सैल हो म्हणून सांगणारे कोणी नसते. मधुमेही उंदरांच्या जठरातील हे विकर कमी होते व इन्सुलिनने ते पूर्ववत होते, असे 2000 मध्ये दिसून आले. मधुमेहाच्या काही रुग्णांचे जठर उशिरा रिकामे होण्यामागील कारणांचा विचार करताना हा निष्कर्ष उपयुक्त ठरतो.

उपचाराच्या दृष्टीने गुदद्वाराच्या चिरेचे उदाहरण बोलके आहे. या वेदनादायक विकारात गुदद्वाराचा आतील परिसंकोची स्नायू सतत आवळलेला असतो. नायट्रिक ऑक्साइड पुरविणारे नायट्रोग्लिसरीन मलमाच्या रूपात लावल्यास अनेक रुग्णांची जखम शस्त्रक्रियेशिवाय भरते, हे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. डोकेदुखी हा त्याचा मुख्य दुष्परिणाम होय.

9. भारतीय परंपरा आणि इतिहासलेखनातील सावधता

आयुर्वेदात अपान वायू, समान वायू व वातानुलोमन या संकल्पनांच्या आधारे पचनमार्गातील गतीचा विचार केलेला आहे. गतीला दिशा असते आणि ती बिघडणे हा रोग आहे, ही दृष्टी निश्चितच लक्षणीय होय. परंतु वायू म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड अशा प्रकारचे समीकरण मांडणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. दोन्ही विचारपद्धतींची गृहीतके व पुराव्याच्या कसोट्या भिन्न आहेत. परंपरेचे खरे योगदान सर्पगंधेच्या उदाहरणात दिसते. वैद्यपरंपरेने वनस्पतीची ओळख टिकविली, दिल्ली व कोलकाता येथील संशोधकांनी तिचे रसायन व उपयोग नोंदविले, मुंबईच्या डॉक्टरांनी तिची रुग्णालयात मोजमाप करून परीक्षा घेतली आणि नंतर जगभरच्या प्रयोगशाळांनी तिच्यातील द्रव्य वापरले. यातील एकही टप्पा वगळता येत नाही. तसेच, आतड्यातील नव्या चेतांचा शोध भारतात लागला असेही म्हणता येत नाही. साधनांपैकी एक साधन भारतातून गेले, एवढेच पुराव्याने सिद्ध होते आणि तेवढेही कमी महत्त्वाचे नाही. मागणी वाढल्याने रानातील सर्पगंधा दुर्मीळ झाली व तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले, ही या यशाची दुसरी बाजू होय.

निष्कर्ष

1. आतड्याचे शिथिलीकरण ही चेतांनी घडविलेली स्वतंत्र क्रिया असून तिची चिन्हे 1898-99 मध्येच नोंदली गेली होती.
2. असेटिलकोलीन व नॉरअ‍ॅड्रेनॅलीन या दोन रसायनांच्या यशस्वी सिद्धांतामुळे विसंगत निरीक्षणे सुमारे सहा दशके दुर्लक्षित राहिली. सिद्धांताचे यश हेही कधी कधी शोधातील अडथळा ठरते.
3. शोधाची प्रगती ज्ञात द्रव्ये वगळून उरलेल्या परिणामाकडे पाहण्याच्या पद्धतीने झाली. अ‍ॅट्रोपीन, रेझर्पीन, टेट्रोडोटॉक्सिन, अपामीन यांसारखी निसर्गातील विषारी वा औषधी द्रव्ये या वजाबाकीची साधने ठरली.
4. डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या 1949 मधील अभ्यासामुळे सर्पगंधेला जागतिक मान्यता मिळाली व तिच्यातील रेझर्पीन हे चेता-रसायनांच्या अभ्यासाचे साधन बनले. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात या पैलूची नोंद व्हावयास हवी.
5. प्युरिन द्रव्ये, व्हीआयपी व नायट्रिक ऑक्साइड ही परस्परांचे प्रतिस्पर्धी नसून वेगवान, मंद व दीर्घ अशा भिन्न गतींनी कार्य करणारे सहकारी आहेत.

बर्नस्टॉक यांचे 2020 मध्ये निधन झाले. ज्या मांडणीसाठी त्यांना दोन दशके अविश्वास सहन करावा लागला, ती आज पाठ्यपुस्तकांचा भाग आहे. पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांना स्वायत्त चेतासंस्था शिकविताना तिची दोन विभागांची सोपी आकृती दाखविली जाते. त्या आकृतीबरोबर लँग्लीचा तिसरा विभाग आणि चौकटीत न बसलेल्या निरीक्षणांचा हा इतिहासही सांगितला गेला, तर न जुळणारे निरीक्षण टाकून न देता ते जपून ठेवण्याचा वैज्ञानिक संस्कार विद्यार्थ्यांवर होऊ शकेल.